‘काही करत नाही तो!’
(दांडग्या कुत्र्याच्या मालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

वन-बीएचके फ्लॅटमध्ये पन्नास किलोंचा रॉटवायलर आणल्याबद्दल प्रथम आपलं अभिनंदन. या जातीनं जर्मनीत गुरं हाकली, खाटकांच्या गाड्या ओढल्या. आता तिला तुमच्या बाल्कनीतून बी विंगमधल्या आजोबांवर लक्ष ठेवायचं आहे. हे काम ती मन लावून करील. प्रश्न तुमच्या कामाचा आहे, आणि ते कसं टाळावं यासाठीच ही मार्गदर्शिका.

नावापासून सुरुवात करू. टायसन, सुलतान, गब्बर यांपैकी एक निवडावं. मोत्या नको, मोत्याला कुणी घाबरत नाही. उद्या कोर्टात ‘आरोपीचा मोत्या’ हे ‘आरोपीचा गब्बर’पेक्षा बरं ऐकू येईल खरं, पण बारशाच्या दिवशी एवढा पुढचा विचार करणारा माणूस मुळात हा कुत्रा आणतच नाही.

मग दारावर पाटी लावावी: ‘कुत्र्यापासून सावध राहा’. पितळी असेल तर उत्तम. या पाटीनं आपली जबाबदारी संपली आणि इथून पुढे सावध राहण्याचं काम पाहुण्यांचं, पोस्टमनचं आणि गॅस सिलिंडरवाल्याचं, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. ती मोडू नये. फक्त भारतीय न्याय संहितेचं कलम 291 वाचायला जाऊ नये. आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत होण्याचा जो संभाव्य धोका असेल, तो टाळण्याइतकी खबरदारी जाणूनबुजून किंवा हयगयीनं न घेणं, हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच कलम 289 होतं आणि दंड एक हजार होता, म्हणजे 1 जुलै 2024 पासून आपली किंमत पाचपट झाली. गुन्हा दखलपात्र आहे. जामीनपात्रही आहे, ही जमेची बाजू. कलमात कुत्र्याची जात विचारलेली नाही, स्वभाव विचारलेला नाही. मालकाला धोक्याची कल्पना होती का आणि त्यानं काय केलं, एवढंच विचारलं आहे. कल्पना होती, हे तुम्ही दारावरच कोरून ठेवलंय. फिर्यादीच्या वकिलाचं निम्मं काम स्वखर्चानं करून देणारा असा उदार आरोपी सहसा मिळत नाही.

परवान्याचं फार मनावर घेऊ नये. मुंबईचा महापालिका कायदा 1888 चा, राज्यातल्या बाकीच्या महापालिकांचा 1949 चा. कुत्र्यावर कर बसवण्याची सोय दोन्हींत आहे. परवान्यासाठी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे आधी लस टोचून घ्यावी लागते, हा त्यातला खरा ताप. लशीबद्दल कुणी विचारलंच, तर ‘सगळं झालंय त्याचं’ असं म्हणावं. यात ‘सगळं’ म्हणजे काय, हे आजवर कुणीही विचारलेलं नाही.

आता फिरवण्याकडे वळू. खरं कौशल्य इथेच लागतं. पट्टा अवश्य न्यावा. तो आपल्या हातात असावा आणि कुत्रा पंचवीस पावलं पुढे. पट्टा होता का, असं उद्या कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून ‘होता’ म्हणता येतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चा आहे. बिनमुसक्याचा उग्र कुत्रा रस्त्यावर मोकळा सोडू नये आणि कुत्र्याला कुणाच्या अंगावर घालू नये, असं तो सांगतो. म्हणजे आपण गमतीनं ज्याला ‘छू’ म्हणतो, त्याची दखल कायद्यानं सत्तर वर्षांपूर्वीच घेऊन ठेवली आहे. मुसकं घालायला सुचवलं की दुखावल्या चेहऱ्यानं म्हणावं, ‘तुमच्या मुलांच्या तोंडाला बांधता का?’ समोरचा गप्प होतो. मुलं लिफ्टमध्ये कुणाच्या पोटरीचा लचका तोडत नाहीत, हे त्याला घरी पोचल्यावर सुचतं.

स्वतः फिरवायचा कंटाळा असेल, तर घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हाती साखळी द्यावी. मावशी पंचेचाळीस किलो, टायसन पन्नास. कोण कुणाला फिरवतंय, हे पहिल्या मांजरापर्यंत कळत नाही.

लिफ्ट हे प्रगत विद्यार्थ्यांचं क्षेत्र. 2018 साली वरळीच्या एका इमारतीत, लहान मूल बरोबर आहे, त्याला कुत्र्याची भीती वाटते, जरा थांबा, अशी विनंती आतल्या शेजाऱ्यानं केली. मालकानं कुत्रा तरीही ओढून आत आणला आणि तो शेजाऱ्याला चावला. 2025 साली मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. पुढची लिफ्ट यायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब मी करून पाहिला. चार महिन्यांपेक्षा नक्कीच कमी. (आमच्या सोसायटीतली लिफ्ट धरूनसुद्धा.)

जातीवरून कुणी हटकलं, तर ‘बंदी उठली की!’ असं ठणकावावं. 12 मार्च 2024 रोजी केंद्रानं राज्यांना पत्र धाडलं की पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो वगैरे तेवीस जातींना परवाने देऊ नका. यादीत नुसतं ‘टेरियर’ असंही एक नाव होतं. म्हणजे सहा-सात किलोंचा, उशीवर झोपणारा जॅक रसेलही हिंस्र पशूंच्या पंगतीला बसला. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं हे परिपत्रक रद्द केलं. संबंधितांशी सल्लामसलतच झालेली नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. यादी गेली ते बरंच झालं, असं माझं मत. जात मोजायची तर मालकांची मोजावी. पण तुम्ही या निकालाचा अर्थ ‘जबाबदारीही रद्द’ असाच घ्यावा, आणि सेक्रेटरीला कायद्याची भाषा शिकवावी. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांतलं वाक्य पाठ करावं. त्याच सूचनांतला मालकांच्या कर्तव्यांचा भाग पाठ करू नये.

एवढं सगळं नीट पार पाडलं, की कुत्रा चावतो.

अशा वेळी प्रथम ‘काही करत नाही तो!’ हे वाक्य भूतकाळात घ्यावं: ‘कधीच काही केलं नाही हो त्यानं!’ मग चूक चावलेल्या माणसाकडे सरकवावी. पळलात कशाला? डोळ्याला डोळा का भिडवलात? छत्री कशाला हलवलीत? शेवटी जखमेकडे बघून ‘नखच लागलंय’ असं निदान करावं. दुर्दैवानं रेबीजला हे निदान मान्य नाही. त्याची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जखम साबणानं, नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट यांतलं काही भरायचं नाही आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. कुत्र्याला लस दिलेली असली तरी. नुसतं खरचटलं असलं तरी लस लागते. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ गेला, आता लस दंडात घेतात, त्यामुळे ती भीती घालून शेजाऱ्याला घरी बसवण्याची युक्तीही जुनी झाली. पंधरा मिनिटांचं हे धुणं तुम्हीच नळ सोडून, बादली ओढून करून दिलंत, तर या मार्गदर्शिकेच्या दृष्टीनं तुम्ही नापास.

तक्रार झालीच, तर काळावर विश्वास ठेवावा. मुंबईत 2010 साली भांडणाऱ्या एका मालकाला, आत रॉटवायलर आहे, गाडीचं दार उघडू नकोस, असं सांगितलं होतं. त्यानं ते उघडलं. कुत्रा एका वयस्क गृहस्थाला चावला. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती 2023 साली. रॉटवायलर साधारण नऊ-दहा वर्षं जगतो. म्हणजे खटला कुत्र्याच्या आयुष्यापेक्षा लांबला आणि शेवटी पिंजऱ्यात उभं राहायला उरला तो ज्यानं दार उघडलं तोच.

तेव्हा एक तजवीज आधीच करून ठेवावी. तुम्ही तीन-चार महिने आत असताना तुमच्या पुढच्या टायसनला सकाळ-संध्याकाळ कोण फिरवणार, हे ठरवून ठेवा. बी विंगमधल्या आजोबांना मात्र विचारू नका.