फुकटाचं रान, मालकाचं पाणी

देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्द तालुक्यात सगळं आहे, फक्त जंगल नाही. जमीन सपाट, काळी, पावसात पायाला किलो-किलोने चिकटणारी. इकडे सोयाबीन, तिकडे सोयाबीन, मधून डांबरी रस्ता. इथे उंचावर जायचं तर भुशाने भरलेल्या ट्रॉलीवर चढावं लागतं. पण आषाढाची पहिली सर आली, की इथून ते इंदूरच्या सुदामानगरपर्यंत पसरलेल्या समस्त मराठी कुळांना एकाएकी अरण्याची ओढ लागते. अरण्य म्हणजे कुठलंही चालतं. अट एकच : तिकीट नको, पार्किंगचे पैसे नकोत आणि हटकायला कोणी नको.

जागा ठरवणं हा पहिला अंक. देवासला १९४८ पर्यंत एकाच टेकडीखाली पवारांची दोन राज्यं नांदली, थोरली पाती आणि धाकटी पाती. संस्थानं विलीन झाली. पात्या घराघरांत शिल्लक राहिल्या. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता आणि दरबारच्या गोंधळावर त्याने पुढे एक अख्खं पुस्तक लिहिलं. एखाद्या मराठी घरात रविवारची सहल ठरताना तो बसला असता, तर त्याला दुसरा खंड काढावा लागला असता.

थोरली पाती म्हणते, पाताळपाणी. तीनशे फुटांचा धबधबा, टंट्या मामाचं देऊळ, शिवाय छोटी गाडी. धाकटी पाती नाक मुरडते. तिथे फार गर्दी असते. तिच्या फोनमध्ये एक कुंड आहे, जे कोणालाच माहीत नाही. तसं सांगणारा व्हिडिओ अख्ख्या माळव्याने पाहिलाय. आत्या मधेच विचारतात, "तिथे बाथरूम आहे नं?" या प्रश्नाला दोन्ही पात्यांकडे उत्तर नसतं, म्हणून तो प्रश्न बायकी ठरतो आणि पुढच्या विषयाकडे वळलं जातं.

मग सामान. निसर्गाच्या कुशीत शिरायला काय लागतं? बाफल्यांची कणीक, दोन डबे तूप, पोतंभर कंडे, डाळीचा कुकर, तीन जातींची शेव, ताडपत्री, आजीची खुर्ची आणि शांतता अनुभवण्यासाठी एक मोठा स्पीकर. यंदा भर पडली आहे ती तंबूची. दोन माणसांचा तंबू, त्यात झोपणार सात, आणि तो उभारायचा कसा याचा कागद चिनी भाषेत.

तंबूची कल्पना स्वीडनच्या भाच्याची. त्याने सांगितलं की तिकडे कोणीही रानात एक-दोन रात्री तंबू ठोकू शकतो, कायद्यानेच तशी मोकळीक आहे. ते अगदी खरं आहे. त्याच्यापुढे तो असंही म्हणाला होता, की तिकडे या हक्काला दोन अटी असतात : कोणाला त्रास द्यायचा नाही आणि काही नासवायचं नाही. पण तोपर्यंत फोनची रेंज गेली असावी. निदान आमच्या कुळात तरी त्या वाक्याचा साक्षीदार कोणी सापडत नाही.

साग दिसला की गाडी थांबते, कंडे पेटतात. आणि धुराच्या मागोमाग वनखात्याचा नाकेदार उगवतो. राखीव जंगलात विस्तव करायला, मुक्काम ठोकायला परवानगी लागते, असं तो सांगतो. १९२७ चा वन कायदा आहे. काका इंग्रजांच्या कायद्याचा धिक्कार करतात. मग, जंगल आमच्या टॅक्सच्या पैशांचं आहे नं, असं विचारतात. नाकेदाराच्या अंगावर त्याच टॅक्सच्या पैशांचा गणवेश आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. जिल्ह्यातच दक्षिणेला खिवनीचं अभयारण्य आहे. तिथे रीतसर फाटक आहे, पावती आहे, आत वाघही आहेत. पण पावती फाडून पाहिलेलं जंगल ते काय जंगल?

रात्र तंबूत काढायचा बेत साधारण साडेसातला डास आले की संपतो.

पाण्याचं प्रकरण मात्र एवढ्या हसण्यावारी जात नाही. १७ जुलै २०११, रविवार. पाताळपाण्याला इंदूरहून सहलीला आलेली माणसं प्रवाहाच्या मधल्या खडकावर होती. वरून लोंढा आला आणि पाच जण वाहून गेले; तिघं गेलीच. काठावरून कोणी ते टिपलं आणि देशाने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. खाली ऊन असलं तरी वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की पाणी चढतं, हे ज्याला कळायचं त्याला त्या दिवशी कळलं असणार. पाऊसच नसला म्हणजे धोका नाही, असंही नाही. देवास जिल्ह्यातच नर्मदेकाठी धाराजी होतं, धावडी कुंडाचं. ७ एप्रिल २००५ ला भुतडी अमावास्येच्या यात्रेत लोक स्नानाला उतरलेले असताना वरच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी आलं. साठाहून अधिक माणसं गेली. चैत्राच्या तोंडावर, आभाळ कोरडं असताना.

प्रशासन स्वस्थ बसतं असं म्हणवत नाही. अपघात झाला की फलक लागतो. 'येथे उतरणे धोक्याचे आहे' या ओळीखाली उभं राहून सगळं कुटुंब फोटो काढतं, कारण पाठीमागे धबधबा नेमका तिथूनच चांगला येतो. तिकडे महाराष्ट्रातही हेच. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वर पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत मुलंच जास्त. मग धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघाले. फौजदारी कायदाही अगदी दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, देशभर बदलला, म्हणजे जमावबंदीचं एकशे चव्वेचाळीस कलम आता एकशे त्रेसष्ट झालं. पाण्याला अजून कळवायचंय.

आता टोंकखुर्दकडे परत या, कारण गंमत इथेच आहे. ज्यांनी पाण्यात डुंबायला सव्वाशे किलोमीटर पेट्रोल जाळलं, त्यांच्या घरामागे पाणी आहे. देवासने एके काळी आपली तळी बुजवून त्यांवर घरं आणि कारखाने उठवले होते. एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून रेल्वेने पाण्याचे टँकर आणावे लागले, आणि स्टेशनावर त्या गाडीचं ढोल-नगारे वाजवून स्वागत झालं. स्वतःच्या दुष्काळाची वरात काढणारं दुसरं शहर आम्हाला माहीत नाही. खेड्यांत कूपनलिका खोल-खोल जात राहिल्या आणि बँकांनी त्यांना कर्ज देणं थांबवलं. २००६ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने मोहीम निघाली : शेतकऱ्याने जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्याला द्यावा. टोंकखुर्द तालुका यात आघाडीवर होता. पोकलेन तासाच्या भाड्याने आली, तळी खणली गेली. त्यांना नाव मिळालं रेवा सागर, खणणारा झाला भागीरथ कृषक. एकेका गावात डझनांनी तळी झाली, हिवाळ्यात त्यांवर परदेशी पाखरं उतरू लागली. संयुक्त राष्ट्रांनीही या कामाला दाद दिली.

या तळ्यांत एकच खोट आहे. त्यांना मालक आहे. त्याने खणाईचे पैसे तासाने मोजलेत, त्यामुळे कुठे किती खोल आहे ते त्याला पाठ आहे. काळ्या मातीचा काठ ओला झाला की पाय कसा सटकतो तेही. मागच्या श्रावणात दोन्ही पात्या एकमताने, म्हणजे पेट्रोल वाचवायला, अशाच एका तळ्यावर आल्या. टॉवेल, साबण, ट्यूब, स्पीकर. मालक बांधावर बसला होता. त्याने मनाई केली नाही. पैसेही मागितले नाहीत. फक्त विचारलं, पोहता कोणाला येतं?

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी थोरली पाती म्हणाली, "आम्ही पोहायला कुठे आलो भाऊ? नुसतं उतरून राहिलो."

मालकाने उतरू दिलं नाही. ही माझी निंदणीची वेळ आहे, तुम्हाला शोधायला माणसं कुठून आणू, म्हणाला. संध्याकाळी धाकट्या पातीने त्या तळ्याला फोनवर एक तारा दिला. शेरा असा : 'जागा नॅचरल नाही. स्टाफ उद्धट.'