'फक्त' मित्र

आमच्या भाचीला एक मित्र आहे. फक्त मित्र. हा 'फक्त' तिनं इतक्या वेळा उच्चारलाय की ते त्या मुलाचं पाळण्यातलं नाव वाटावं. अकरावीच्या क्लासमध्ये ओळख झाली, आता दोघं टीवायला आहेत. सकाळी एकाच स्कूटीवरून कॉलेज, दुपारी कट्ट्यावर दोघांत एक कटिंग, रात्री दीडपर्यंत फोन. एवढं काय बोलता गं, असं आईनं विचारलं तर म्हणाली, "असाइनमेंट." त्याचं कॉमर्स, हिचं मायक्रोबायोलॉजी.

सोसायटीच्या वॉचमनला सगळं ठाऊक होतं. चहावाला तर न विचारता एकाच ग्लासाचे पैसे मांडायचा. कळायचं राहिलं होतं ते या दोघांनाच.

पण दोष पोरांचा नाही, अभ्यासक्रमाचा आहे. 1989 साली 'मैंने प्यार किया'नं 'फ्रेंड' लिहिलेली टोपी आणली आणि एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात काय ते गेलं. 1998 साली 'कुछ कुछ होता है'नं पुढचा धडा दिला. बास्केटबॉलमध्ये हरवणारी अंजली राहुलला कॉलेजात असताना दिसलीच नाही. आठ वर्षांनी केस वाढवून, साडी नेसून आली आणि सामना हरली, तेव्हा कुठे त्याला दृष्टी आली. 2008 साली 'जाने तू या जाने ना'मध्ये जय प्रेम सांगायला निघाला तेव्हा आदिती विमानतळावर पोचली होती. मग जय घोड्यावर बसून तिच्यामागे. थोडक्यात, मैत्रीचं प्रेम झालंय हे कळायला आधी एक तिसरा माणूस लागतो, मग एक विमान लागतं आणि जमल्यास एक घोडा.

आता यातलं पुण्याच्या पोरानं काय जमवावं? घोडा आपल्याकडे लग्नात मिळतो, तोही बँडवाल्याच्या ओळखीनं. तिकीट नसेल तर विमानतळाच्या दारातला जवान आत सोडत नाही. 'मला प्रेम उमगलंय' हे ओळखपत्र तिथं चालत नाही. शिवाय आपली नायिका विमानानं जातच नाही. ती पुणे स्टेशनवरून दादरची शिवनेरी पकडते. तिला अडवायला रिक्षा करावी तर रिक्षावाला 'हाफ रिटर्न द्यावं लागेल' म्हणतो. त्याच्याशी घासाघीस होईस्तोवर नायिका वाकड ओलांडून गेलेली असते.

म्हणून मराठी माणसानं आपला वेगळा मार्ग काढला. तो बोलतच नाही. मग वीस वर्षांनी शाळेच्या गेट-टुगेदरला, पोट आत ओढून, तिसऱ्याच कुणाला तरी हळूच विचारतो. 2017 साली एका मराठी सिनेमाचं नावच होतं 'ती सध्या काय करते'. आमच्या बॅचच्या निम्म्या मुलांनी ते पोस्टर वाचून चष्मा पुसला होता.

भाचीनं मात्र आम्हा सगळ्यांना मागं टाकलं. गेल्या महिन्यात ना विमान, ना शिवनेरी; सिग्नलला स्कूटी थांबली असताना तिनंच मागे वळून विचारलं. तो "हो" म्हणाला. सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. एवढ्यात आटोपलं. सिनेमा इथंच संपतो, हे बरं असतं.

कारण परवा ती तोंड पाडून घरी आली. भांडण झालं होतं. मी म्हटलं, "मग त्यात काय? नेहमीसारखा बेस्ट फ्रेंडला फोन लाव, सगळं सांग, मोकळी हो." तिनं सवयीनं फोन उचलला, नंबर काढला आणि थबकली.

"मामा, भांडण त्याच्याशीच झालंय."

प्रेमात पडताना बॉयफ्रेंड मिळाला, पण त्याच्या कागाळ्या ऐकून घेणारी जागा रिकामी झाली, हे तिला तेव्हा कळलं. मला जरा उशिरा कळलं, त्याच रात्री, फोन वाजला तेव्हा.

सध्या दीडपर्यंत मी जागा असतो. एवढं काय बोलता, असं बायकोनं विचारलं तर मी म्हणतो, "असाइनमेंट."