दारात गाडी पाहिजे

बीड जिल्ह्यात कुणी प्रवासासाठी चारचाकी घेतो म्हणाला, तर तो माणूस परगावचा समजावा. प्रवास आम्ही पूर्वापार क्रूझरच्या मागच्या फळीवर लोंबकळून करत आलो आहोत. नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ साली आणि बीडच्या फलाटाला गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या तीस वर्षांत एक पिढी जन्मली, शिकली, पोलीस भरतीत धावली आणि वय उलटून घरी येऊन बसली. परळीची तर अजून वाट बघणं चालूच. एवढा दम असलेल्या माणसाला प्रवासाची घाई कशाला असेल? गाडी लागते ती दारात. चालली तर वरकमाई.

गेवराई तालुक्यातल्या आमच्या एका तात्यांनी यंदा कापूस घातल्यावर हा विषय काढला. त्यांची कारणं दोन. एक म्हणजे मल्टिस्टेटमधली ठेव बुडाल्यापासून कागदावरच्या पैशावर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. “पैसा असा ठिवायचा की सकाळी उठल्याउठल्या डोळ्याला दिसला पाहिजे,” हे त्यांचं नवं अर्थशास्त्र. दुसरं कारण थोरला मुलगा. बी.एस्सी. ॲग्री झालेला, निर्व्यसनी, बागायती पाच एकर. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर स्थळाकडून एकच प्रश्न येतो : पुण्यात काय करतो? काहीच करत नाही म्हटल्यावर दुसरा : मग दारात गाडी तरी आहे का?

इथं थोडा हिशेब सांगायला हवा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. ज्या सोनोग्राफीनं हा आकडा खाली आणला तिची फी लोकांनी मुकाट मोजली होती. आता तिचा हप्ता चारचाकीच्या रूपानं फिटतोय. आमचा नवरदेव त्या यादीच्याही आधीचा. यादीतली पोरं अजून बोहल्याच्या रांगेत पुरती लागायचीत. जुन्या गाड्यांच्या धंद्याला बीडमध्ये काय उज्ज्वल भविष्य आहे, ते यावरून ताडावं.

तर पुण्याला जायचं ठरलं. संभाजीनगर जवळ पडतं, पण तिथली गाडी एमएच २० आणि पुण्याची एमएच १२. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर मालकाचं नाव बदलतं, नंबर तोच राहतो. म्हणजे एमएच १२ दारात उभी राहिली की मुलगा पुण्यात असल्याचा अर्धा भास आपोआप होतो. उरलेला अर्धा मामा बोलून भरून काढणार होते.

पाच माणसांची गाडी आणायला अकरा माणसं भाड्याच्या क्रूझरनं पहाटे निघाली. तात्या, काकू, आजी, दोन मामा, आत्या, नवरदेव, मोबाइलमधलं सगळं कळतं म्हणून पुतण्या, काही कारण नसलेले दोन शेजारी, आणि मी. मला नेलं ते पेपरात लिहिणाऱ्याला आरटीओ घाबरतो या समजुतीपायी. हा समज मी आजवर मोडलेला नाही. माझ्या मिळकतीतला तो एकमेव भरवशाचा भाग आहे.

नगर रोडला वाघोलीच्या आसपास जुन्या गाड्या धुऊनपुसून रांगेनं उभ्या असतात. तिथल्या एका शेठनं आमची क्रूझर बघूनच चहा मागवला. “डॉक्टरची गाडी आहे,” तो म्हणाला. पुण्यातल्या डॉक्टरांच्या नावावर आजवर जेवढ्या गाड्या विकल्या गेल्या, तेवढ्या कंपन्यांनी बनवल्या तरी असतील का, शंका आहे. आणि हे डॉक्टर एकजात गाडी फक्त रविवारी काढणारे!

डिकीवाली, पांढरी, डिझेल. पांढरा रंग चर्चेविनाच मंजूर झाला, कारण आमच्याकडं इतर रंगांच्या गाड्यांना कुणी रस्ता देत नाही. मग तपासणी सुरू झाली. दोन्ही मामांनी चारही टायरांना एकेक लाथ घातली. काकूंनी डिकीत सोयाबीनची किती पोती बसतील ते नजरेनं मापलं. आजी मागच्या सीटवर मांडी घालून बसल्या आणि उतरेनात. पुतण्यानं ब्लूटूथ जोडून डॉल्बीचं गाणं लावलं आणि गाडी पास केली. त्याला फक्त नंबर नापसंत होता. ४१४१ असता तर ‘दादा’ लिहिता आलं असतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना आता सरकारी हाय सिक्युरिटी पाटी लागते, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, तिच्यात दादा बसत नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लोकशाही धोक्यात आल्याचे भाव होते.

क्रूझरचा ड्रायव्हर तेवढा गुपचूप वाकून आत बघत होता. मीटरवर ४८ हजार किलोमीटर. त्यानं मला खुणेनं बोलावलं आणि क्लचच्या पेडलवर बोट ठेवलं. रबरावरच्या रेघा पार गेलेल्या, डाव्या कडेला तर आतलं लोखंड चमकत होतं. मग त्यानं दाराच्या कडेचं रबर ओढून काढलं. कारखान्यातले वेल्डिंगचे गोल ठिपके मागच्या दाराला एका मापानं उतरत होते, पुढच्या दाराला मधेच संपून लांबी भरलेली. “अठ्ठेचाळीस कशाचे? दीड लाखाच्या वर गेलीय, आन् ठोकलेलीबी हाय,” तो म्हणाला. मी तात्यांच्या कानावर घातलं. तात्या म्हणाले, “दारात उभी करायचीय. उभी राहायला क्लच लागतोय का?” यावर आरटीओकडंही उत्तर नसावं.

शेठनं तीन लाख चाळीस हजार सांगितले आणि वर अठरा टक्के जीएसटी. इथं माझ्या पेपराचा उपयोग झाला. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेनं जुन्या गाड्यांवर १८ टक्के ठरवले ते व्यापाऱ्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे, असं मी म्हणालो. शेठ हात जोडून म्हणाला, “नफा कुठंय साहेब, घाट्यातच देतोय.” मग कर कशावर, असं पुतण्यानं विचारताच शेठनं दुसरा चहा मागवला. अखेर तीन लाख पाच हजारांवर तोडलं. आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडून इसार दिला. नमुना २९, ३०, बोजा उतरल्याचा ३५, चौदा दिवसांत विमा नावावर करणं, हे सगळं मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सत्यनारायणाच्या पोथीकडं असतं तेवढंच सगळ्यांचं लक्ष होतं.

परतीला नव्या गाडीत कोण बसणार यावरून आत्या आणि थोरले मामा शिरूरपर्यंत अबोल होते. करंजीच्या अलीकडं काटा लाल रेघेला टेकला. एसी बंद, काचा खाली, बोनेट वर. मोहट्याला देवीपुढं नारळ फोडून उरलेलं पाणी गाडीला पाजावं, असं एका शेजाऱ्यानं सुचवलं. ड्रायव्हरनं क्रूझरमधला कॅन आणला. ज्या भाड्याच्या गाडीनं हिला आणायला गेलो, तिच्या मागं मागं ती रात्री गावात शिरली.

पंधरवड्यानं स्थळ आलं. मुलगी नर्सिंग झालेली. गाडी अंगणात अशी आडवी लावली होती की घरात जायला तिला प्रदक्षिणाच घालावी लागे. मामांनी ‘सतरा मॉडेल’ म्हणून सांगून टाकलं. पोह्याची बशी बाजूला ठेवून मुलीनं मोबाइल काढला, एमपरिवहनवर नंबर टाकला आणि शांतपणे वाचलं, “नोंदणी २०१२. पुढच्या वर्षी पंधरा भरतात. परत पासिंगची फी पाच हजार. ही घेतलीत कशाला?”

मामांनी पाणी मागितलं. आजी मात्र खूश. “पुण्याला हिलाच न्यायला पाहिजे होतं,” त्या काकूंना म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

मुलीकडच्यांनी ‘कळवतो’ म्हणून निरोप घेतला. अंगणात येताच मुलीचे वडील गाडीभोवती एक फेरी मारून आले, टायरला लाथ घातली आणि तात्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “विकायची झाली तर आमच्या कानावर घाला. धाकट्याचं बघायलोत.”