हे काहीच नाही

तुमच्याही क्लबात ते असणारच. बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं, काखेत पावतीपुस्तक आणि तोंडात पुढच्या महिन्याची तारीख. आमच्या धाराशिवकडं कुणाही वडीलधाऱ्याला बप्पा म्हणायची रीत आहे. पण क्लबात नुसतं 'बप्पा आले' एवढं कानावर पडलं, की मंडळी आधी पाकीट चाचपतात.

आमचा क्लब म्हणजे काही 1906 सालचा पुण्याचा डेक्कन जिमखाना नव्हे. दोन खोल्या, कॅरम, रमीचा अड्डा आणि टेबल-टेनिसचं एक टेबल, ज्यावर सध्या वर्तमानपत्रांची रद्दी निवांत पडून असते. सभासद म्हणजे निवृत्त तहसीलदार, मास्तर, बँकवाले, वकील. या जड बुडाच्या मंडळींना डावावरून उठवून बसमध्ये घालणं हे बप्पांनी जीवितकार्य मानलंय. फळ्यावर वर ठळक अक्षरांत 'आगामी' आणि खाली सहलींची यादी. यादी बदलते, 'आगामी' कधी पुसलं जात नाही. सगळ्यात खाली तंबी: 'ॲडव्हान्स रु. 200. कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.'

आता गंमत अशी, की आम्हाला एवढं हिंडवणाऱ्या बप्पांनी स्वतः आजवर काहीही पाहिलेलं नाही. पाहायला वेळच नसतो. ते पुढच्या सहलीत असतात.

नळदुर्गला गेलो, तेव्हा नर आणि मादी दोन्ही धबधबे कोसळत होते. आदिलशाहीत बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बसवला. डोक्यावरून नदी जाते आणि आत टिपूस गळत नाही. जन्मभर सरकारी क्वार्टरांच्या गळक्या स्लॅबची इस्टिमेटं केलेल्या आमच्या इंजिनिअरसाहेबांचा गळा दाटून आला. एवढ्यात धबधब्याकडं पाठ करून, तुषारांनी भिजलेलं पावतीपुस्तक रुमालानं पुसत बप्पा ओरडले, "अहो, इथं काय बघायलाव? हे काहीच नाही! पुढच्या महिन्यात परंडा बघा!"

परंड्याला गेलो. भुईकोट किल्ला, तटावर तोफा. विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ आधी इथं होती, 1632 साली इथून ती तिकडं गेली, असं आमचे इतिहासाचे मास्तर रंगात येऊन सांगत होते. तर बप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, हे काहीच नाही. खरी तोफ तर तिकडं विजापूरला आहे. त्याचा ॲडव्हान्स आजच घेऊन टाकतो." मास्तरांनी भाषण तिथंच आवरलं.

विजापुरात तोफेला टेकून बप्पांनी काय जाहीर केलं असेल, ते सांगायला नकोच.

2020 च्या जानेवारीत तर कहर झाला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, त्र्याण्णवावं, चक्क आमच्या गावात भरलं. बप्पांनी त्याचीही सहल काढली. गावातल्या गावात, बससह, नाश्त्यासह, दोनशे रुपये ॲडव्हान्ससह. एका वकिलांच्या तर घरासमोरून बस गेली, सौ. गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी हात हलवला. मांडवात संमेलनाध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो बोलत होते आणि आमच्या रांगेत चिठ्ठी फिरत होती: 'हे काहीच नाही. पुढील संमेलन कुठे, यावर लक्ष ठेवणे. नावे द्या.'

साक्षात तुळजाभवानी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते. बप्पा एकदाही घेत नाहीत.

त्यांची खोड मोडली ती फक्त एकाच बाईनं. येळवशीला, म्हणजे दर्श वेळा अमावास्येला, आमच्या भागात गावं ओस पडतात नि शेतं भरतात. एका वर्षी एका सभासदाच्या शिवारात क्लबाचा डेरा पडला. ज्वारीच्या ताटात कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, माठात गार आंबील, आणि भल्या मोठ्या पातेल्यात भज्जी. चिंचेच्या कोळात डाळीच्या पिठाबरोबर शिजलेले वाटाणे, तुरीचे दाणे, पावटे, हरभऱ्याचा पाला. शेजारी बाजरीचे उंडे. उंडा कुस्करून भज्जीत कालवला की तहसीलदारसुद्धा चार बोटं चाटतो. सभासदाच्या ऐंशीच्या घरातल्या आई पळीनं वाढत होत्या. बप्पांनी द्रोण पुढं केला आणि सवयीनं म्हणाले, "हे तर काहीच नाही, पुढच्या महिन्यात हुरड्याला—"

पळी हवेत थांबली. "काईच न्हाई म्हंतूस," आजी म्हणाल्या, "मंग तिसऱ्यांदा द्रोण कशाला पुढं करायलास रं?"

बप्पा खाली मान घालून जेवले. त्या दिवशी चक्क पाऊण तास ते वर्तमानकाळात होते. नंतर हात धुता धुता आजींना हळूच विचारलं म्हणतात, पुढच्या येळवशीला किती माणसं चालतील?

बरं, एकट्या बप्पांना हसावं तर आमचा जिल्हा तरी दुसरं काय करतो? 2018 साली नीती आयोगानं देशभरातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात आमचा आला. म्हणजे आशेवर बसायला सरकारी शिक्का मिळाला. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेला 2019 मध्ये मंजुरी मिळाल्याची घोषणा झाली, तेव्हापासून आमच्यातले काही जण खिडकी कुणाला यावरून भांडतायत. कृष्णेचं पाणी तर माझे केस काळे होते तेव्हापासून आमच्याकडं यायला निघालेलंच आहे. दर निवडणुकीला कुणीतरी माईकवर येऊन आज जे आहे ते काहीच नाही, पुढं बघा, असंच सांगून जातं. त्यांच्यात नि बप्पांत फरक इतकाच, की बप्पांची बस ठरल्या दिवशी सुटते.

आमच्यातले एक हेडमास्तर सोलापूरला दवाखान्यात होते. हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. आम्ही मोसंबी घेऊन गेलो, चेहरे पाडून बसलो, सावकाश बोललो. बप्पा आले ते रिकाम्या हातांनी. म्हणजे पावतीपुस्तक होतंच. "गुरुजी, पुढच्या महिन्यात तेर काढलंय. तुम्हाला खिडकी ठेवलीय. दोनशे द्या." गुरुजींच्या मुलाच्या कपाळावर आठ्या चढल्या. आम्हालाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींनी मात्र उशीखालून पाकीट काढलं, नोटा मोजून दिल्या आणि पावती नीट वाचून विचारलं, "बस किती वाजता?" भेटायला आलेल्यांत त्यांना वेळ विचारायला लावणारा हा एकच माणूस.

गुरुजी तेरला आले नाहीत. सहलीच्या आठवडाभर आधी गेले.

सहलीच्या पहाटे बसच्या पायरीशी गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, उभ्या. हातात ती पावती. "परत मिळत नाही ना? मग सीट माझं," म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. तेरला त्या सगळीकडं हिंडल्या. तेरणेकाठी गोरोबाकाकांच्या देवळात टेकल्या. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मूळचं बौद्ध चैत्य, हे ऐकून एका विटेवर बोट फिरवून आल्या. वस्तुसंग्रहालयात, या गावाचा व्यापार दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंत होता, हे सांगणाऱ्याला त्यांनी दोनदा सांगायला लावलं. बप्पा मागं मागं फिरत होते, पण तोंडातून ते वाक्य काही निघेना. शेवटी काकूच वळल्या.

"चांगलं आहे हो सगळं. पण पुढची कधी?"

बप्पांनी चष्मा पुसला, काखेतलं पुस्तक काढलं आणि म्हणाले, "दोनशे द्या."

आम्हाला पुन्हा तेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र सुट्या नोटा शोधत होत्या, आणि खिडकीचंच सीट पाहिजे म्हणून आमच्यादेखत हुज्जत घालत होत्या.