एका गिअरचं वैराग्य

१९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही दाढीवाल्या तरुणांनी जुन्या सायकलींची धुडं घेऊन डोंगर उतरायची शर्यत लावली. ब्रेक कसला, तर पॅडल उलटं दाबायचं. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडून नवं ग्रीस भरायचं. म्हणून शर्यतीचं नाव ‘रीपॅक’. गिअर बहुतेकांना एकच, कारण दुसरा नव्हताच.

पुढे प्रगती झाली. आता मागच्या चाकावर बारा चकत्या, त्यातली मोठी बावन्न दात्यांची, नाश्त्याच्या ताटलीएवढी. एवढ्या वैभवाला एक काटकी पुरते. ती गिअर बदलणाऱ्या डेरेलरमध्ये अडकली की त्याला धरणारा हँगर वाकतो, पाठोपाठ खिसाही.

तेव्हा जाणकारांना साक्षात्कार झाला: गिअरच काढून टाका! पुढे बत्तीस दाते, मागे वीस. चढ आला की पॅडलवर उभं राहायचं, फार आला की मुकाट उतरायचं. हे वैराग्य स्वस्तात मात्र मिळत नाही. त्याला टायटॅनियमची फ्रेम लागते आणि ‘जन्मभर टिकणारं’ हब. ते दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, कारण त्याहून टिकाऊ निघालेलं असतं. या मंडळींच्या जागतिक स्पर्धेत विजेत्याला बक्षीस म्हणून टॅटू गोंदवून घ्यावा लागतो. टिकाऊ म्हणावा असा तेवढाच एक भाग.

आमचा दूधवाला एका गिअरवर दोन कॅन लादून चढ चढायचा. चेन सैल झाली की नट ढिले करून चाक मागे ओढायचा. यात तत्त्वज्ञान आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून दूध परवडलं.