मूठभर भांडण

ज्या माणसाची हयात अंबरनाथमध्ये लेथवर गेली, त्याच्या हातात प्लास्टिकच्या मुठीचा चाकू देऊ नये. आमच्या मेव्हण्याला हे पक्कं ठाऊक आहे, कारण तो त्याच माणसाचा मुलगा. स्वित्झर्लंडहून येताना त्याने चेक-इनच्या बॅगेत दोन छोटे खिशातले चाकू आणले. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, रुपेरी धातूच्या मुठीचा. मला लाल प्लास्टिकच्या मुठीचा. माणसाची पायरी ओळखून भेट देण्याची कला आमच्या सासुरवाडीत पूर्वापार आहे.

आप्पा ऑर्डनन्समधून निवृत्त झाले. २०२१ मध्ये सरकारने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या, पण अंबरनाथच्या रिक्षावाल्यांनी आणि आप्पांनी त्याची दखल घेतलेली नाही. त्यांनी माझा चाकू घेतला, मुठीवर नखाने टकटक केलं आणि दुसऱ्याचा टूथब्रश परत करावा तसा दोन बोटांत धरून परत केला. "बरा आहे," म्हणाले. आप्पांच्या तोंडून 'बरा' हा शब्द कुठल्या वस्तूसाठी निघतो, हे मला लग्न ठरलं त्या दिवसापासून माहीत आहे. तेव्हा तो माझ्यासाठी निघाला होता.

मग त्यांनी आतल्या खोलीतून व्हर्नियर आणला. निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात, आप्पा मोजतात. दोन्ही चाकू लांबीला सारखेच, ५८ मिलिमीटर. पातं, कात्री आणि नखं घासायची कानस हा ऐवजही तोच. पण जाडीत धातूचा ६ मिलिमीटर भरला आणि प्लास्टिकचा ९. सासूबाईंच्या डिजिटल काट्यावर ठेवले तर धातूचा १७ ग्रॅम, प्लास्टिकचा २१. म्हणजे धातू हलका निघाला! मी हे निमूटपणे ऐकून घेतलं. कारण साधं आहे: ॲल्युमिनियमचा पातळ पत्राही ताकद धरतो, प्लास्टिकला तेवढ्यासाठी अंगाने भरावं लागतं. आप्पांनी मात्र यातून स्वभावविषयक निष्कर्ष काढला. "जावईबापू, ज्याच्यात दम असतो ना, त्याला जाड व्हावं लागत नाही." हे म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं नाही, असं मला अजूनही वाटतं.

त्या धातूच्या मुठीची गोष्ट खरोखर ऐकण्यासारखी आहे. ॲल्युमिनियमला आम्लाच्या द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडतात. त्याच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचा कठीण थर चढतो. मग तो गंजत नाही, चटकन चरत नाही आणि रंगही पकडतो. पत्र्यावर बारीक चौकड्यांचा उठाव काढलेला असतो, म्हणून घामट हातातही मूठ निसटत नाही. रसायनशास्त्र पाहिलं तर हा थर माणकाच्या कुळातला. आप्पांनी हे सासूबाईंना कौतुकाने सांगितलं. "मग अंगठीत बसवा," असं म्हणून त्या कणीक मळायला निघून गेल्या.

दुसरा पक्ष उल्हासनगरचा. माझा मित्र आणि मी चांदीबाई कॉलेजात एका बाकावर होतो. पुढे मी नोकरीला लागलो आणि त्याने वडिलांचा प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा सांभाळला. सुऱ्यांच्या मुठी, साल काढायच्या सोलाण्यांच्या मुठी, झाऱ्यांच्या मुठी. अर्ध्या ठाणे जिल्ह्याची स्वयंपाकघरं आपल्या मुठीत आहेत असं तो म्हणतो, आणि यात विनोद आहे हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. त्याला मी सर्वांसारखं शेठ म्हणतो, तो मला साईं म्हणतो.

शेठचं कुळ फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकीत उतरलं. त्याच छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. माणसं हाती काही नसताना आली आणि पुढे हाताला लागेल ते बनवू लागली. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आप्पा दर भेटीत करतात. शेठ दर भेटीत पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो, कारण धंदेवाला माणूस आहे.

पण त्या दिवशी तो तयारीने आला होता. "काका, स्विस चाकू स्वित्झर्लंडचा, बरोबर?" आप्पांनी मान डोलावली. "१८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू हवे होते. एवढे चाकू बनवायची ताकद त्यांच्याकडे नव्हती. पहिला माल कुठून आला? जर्मनीतून! झोलिंगेन!" आणि तो खुर्चीत मागे रेलला. माझ्या माहितीप्रमाणे हे अगदी खरं आहे. इबाख गावचा कार्ल एल्सनर त्याच वर्षी पुढे सरसावला आणि पुढचे चाकू त्याने मायदेशात केले, पण पहिली खेप परदेशीच. उल्हासनगरची बाजू इतक्या भक्कमपणे मांडलेली मी आजवर ऐकली नव्हती.

पुढचा इतिहास दोघांनी आपापल्या सोयीने वाटून घेतला. १८९१ च्या त्या शिपाईचाकूची मूठ लाकडाची होती. यावर कोणीच हक्क सांगितला नाही. खरं तर अंबरनाथने सांगायला हरकत नव्हती. विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यामुळे गावाने किती लाकूड काड्यांत चिरलं याला सुमार नाही. पण काडी जळून जाते, आणि आप्पांना टिकाऊ वस्तू लागते. टिकाऊपणाची त्यांची मोजपट्टी शके ९८२ची, म्हणजे इसवी सन १०६० ची आहे: वालधुनीकाठचं शिवमंदिर. त्या मापाला स्टीलही पुरं पडत नाही, पण हा मुद्दा मी काढत नाही. तर लाकूड गेलं, फायबर आलं. मग १९६१ मध्ये स्विस सैन्याने शिपायाला ॲल्युमिनियमच्या मुठीचा चाकू दिला. आप्पांनी टेबलावर हात आपटला. पुढे जवळजवळ अर्धं शतक तोच चालला. २००८ मध्ये सैन्याने नवा चाकू निवडला. त्याची मूठ प्लास्टिकची. आता टेबलावर शेठचा हात आपटला. चहा दोन्ही वेळा सांडला. पुसला मी.

"हे प्लास्टिक तरी कुठं आहे, काका?" शेठ म्हणाला. मोठ्या लाल स्विस चाकूंच्या मुठी वर्षानुवर्षं ज्या दाण्यातून निघाल्या तो सेल्युलोजचा असतो, म्हणजे लाकडाच्या लगद्यातून किंवा कापसातून आलेला. "झाड आहे हे, झाड." त्यावर आप्पा म्हणाले की असलं झाड म्हातारं झालं की वास मारतं. हेही खरं. त्यातला ब्युटिरिक आम्लाचा अंश सुटायला लागला की बंद पेटीत खवट लोण्याचा वास कोंडतो. शेठने वाद न घालता आप्पांची हत्यारपेटी उघडली आणि पारदर्शक हिरव्या मुठीचा, नोकरीच्या काळापासूनचा एक स्क्रूड्रायव्हर बाहेर काढून टेबलावर ठेवला. मूठ प्लास्टिकचीच. सेल्युलोजच्याच घराण्यातली. आप्पा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. "ते हत्यार आहे," अखेर म्हणाले. "चाकूची गोष्ट वेगळी."

इथे वादात वीज आली. प्लास्टिकची मूठ म्हणजे शॉकपासून संरक्षण, असं आमच्या सोसायटीत ठाम मत आहे आणि कोणाचा फ्यूज गेला की माझा लाल चाकू मागायला येतात. मी देत नाही. कंजूषपणा नव्हे. अशा चाकूत प्लास्टिक फक्त दोन्ही गालांना असतं. पाठीची स्प्रिंग उघडी स्टीलची असते आणि पकडताना ती थेट तळव्याला लागते. २३० व्होल्टला गालांशी काही घेणंदेणं नसतं.

दुसरं ठाम मत चुंबकाचं. भांड्यांच्या दुकानात चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील खरं, हे आपण आईच्या कडेवर बसून शिकलेलो असतो. तोच न्याय लावून आमच्या शेजाऱ्यांनी आप्पांच्या चाकूचं पातं नकली ठरवलं. आप्पांनी त्यांना बसवून घेतलं आणि तासभर सोडलं नाही. धार टिकायला पोलाद तापवून, बुडवून कडक करावं लागतं, आणि अशा कडक होणाऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटतंच. चिकटलं नाही तर घाबरावं. शेजारी आता चुंबक घेऊन आमच्या दारावरून जातात, पण आत येत नाहीत.

प्लास्टिकची खरी कसोटी पावसाने घेतली. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी अशी चढली की बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली, आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. बदलापूर पश्चिमेला आमच्या मावशींच्या घरात गुडघाभर चिखल. आवरायला गेलो तेव्हा दोऱ्या, खोकी, पोती कापायला माझा चाकू दिवसभर फिरत होता. संध्याकाळी मावशींनी चमचे, वाट्या, सांडशी आणि चाकू हे सगळं एका पातेल्यात उकळत ठेवलं. पूर ओसरल्यावर मावशी कोणाचं ऐकत नाहीत. पातं स्वच्छ निघालं, मूठ एका बाजूने फुगून वाकडी झाली. वास्तविक असा चाकू कोमट पाण्यात धुऊन, दोनचारदा उघडझाप करून सांध्यात तेलाचा थेंब सोडला की पुरतो.

आप्पांना झालेला आनंद त्यांनी लपवायचा प्रयत्न केला. शेठने मात्र नख घालून ती वाकडी मूठ चटकन उचकटून काढली. रिव्हेटच्या डोक्यांवर नुसती दाबून बसवलेली असते. "तुझ्या गाळ्यात नवी काढ ना," मी म्हटलं. "साईं, डाय बनवली तर मुठीच्या पैशात तुझं बाथरूम होईल." शेवटी सुट्या मुठींची जोडी मागवली आणि त्याने ती अंगठ्याने दाबून बसवली. चाकू नवा झाला.

"माझी मूठ निघत नाही," आप्पा अभिमानाने म्हणाले. "आरपार रिव्हेट आहे."

"म्हणजे बदलता पण येत नाही."

या वादात बायकोचं मत कोणी विचारलं नव्हतं. ती रोज सीएसएमटीहून बदलापूर लोकलने परतते. लेडीज डब्यात अंबरनाथ सोडेपर्यंत रात्रीची भाजी निवडून झालेली असते. तिथे आप्पांचा चाकूही एकदा गेला होता आणि माझाही. जुडीची दोरी, मसाल्याचं पाकीट, ड्रेसचा लोंबता धागा, सगळं दोन्हींनी सारखंच कापलं. तरी डब्याने एकमताने माझा निवडला, आणि कारण ऐकून आप्पा व शेठ दोघेही गप्प झाले. प्लास्टिकची मूठ जाड, म्हणून तिच्या पोटात दोन खाचा मावतात: एकीत दात कोरायची काडी, दुसरीत इवलासा चिमटा. धातूच्या सडपातळ मुठीत यांना जागा नाही. चाकूने काय कापायचं यावर पुरुषांनी वाद घालावा, बायकांना भुवईचा एक चुकार केस कुर्ला जायच्या आत काढायचा असतो.

आप्पांनी हा निकाल मानला नाही. "चिमटा म्हणजे काय हत्यार आहे?"

गेल्या रविवारी ते बाल्कनीच्या खिडकीची कडी कानशीने घासत बसले होते. धातूचा एक बारीक बर बोटात शिरला. चष्मा लावून पाहिलं, नखाने ओढलं, सुईने कोरलं, तो आणखी आत गेला. घरात शोधाशोध झाली. अखेर बायकोने पर्समधून लाल चाकू काढला, चिमटा ओढून बाहेर घेतला आणि एका झटक्यात बर उपसला. शेठ समोर बसून भजी खात होता. काही बोलला नाही.

आप्पांनी चिमटा उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला. "शेवटी स्टीलच," म्हणाले.

"हो ना, काका," शेठ म्हणाला. "पर रहता कहाँ है?"