चढता कोन, उतरता कोन

मेहुण्याने थार घेतल्यापासून आमच्या सासुरवाडीत सगळं बोलणं अंशांत आणि मिलिमीटरांत चालतं. पूर्वी नाशिकला गेलो की द्राक्षांचा भाव, कुणाचं कुठे जमलं आणि गोदावरीला पाणी किती आलं, एवढ्यावर संध्याकाळ निघायची. नाशिककर पूर मोजतात दुतोंड्या मारुतीवर: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. मेहुणा आता गाडीच्या हिशोबाने मोजतो. "दाजी, साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातनं जाते!" म्हणजे दोन फुटांवर दोन बोटं. मारुतीच्या मानाने ही उंची फार नाही, पण तसं बोलायची सोय नाही.

त्याने मला पुढे कोन समजावले. नाकाचा कोन ४१.८ अंश, म्हणजे समोर एवढा उभा चढ आला तरी बंपर न घासता चाक आधी चढाला भिडणार. पार्श्वभागाचा ३६.८. पोटाखालचा २७, उंचवट्यावर पोट टेकू नये म्हणून. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर. हे सगळं तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांगत होता. तिथे एकच चढ आहे, वॉचमनच्या केबिनशेजारचा, आणि त्यावरून दूधवाल्याची लुनाही जाते.

गाडीवर अभिमान असायला आणखी एक कारण होतं. ती नाशिकचीच. सातपूरच्या कारखान्यात तयार झालेली, म्हणजे माहेर आणि सासर एकाच गावात. घराणंही जुनं. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद नावाने कंपनी निघाली आणि फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथे ते पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे पाटीवर महिंद्र अँड महिंद्र आलं, आद्याक्षरं तीच राहिली, आणि विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या जीपचा वंश फिरत फिरत २०१० साली थारपर्यंत आला आणि २०२० च्या २ ऑक्टोबरला नव्या रूपात बाजारात उतरला. त्या नव्या थारचा पहिला नग लिलावात १ कोटी ११ लाखांना गेला, पैसे मदतकार्याला. गुरुवायूरच्या कृष्णालाही कंपनीने एक वाहिली होती. देवस्थानाने ती लिलावात १५ लाख १० हजारांना विकली, त्यावरून तक्रारी झाल्या, फेरलिलाव झाला आणि तीच गाडी ४३ लाखांना गेली. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "देवाला कशाला लागते गाडी? त्याचा गरुड आहे की." मेहुणा म्हणाला, "आई, गरुडाला फोर बाय फोर नाही."

तर ठरलं असं की आषाढात भंडारदऱ्याला जायचं. सासूबाईंचं माहेर अकोले तालुक्यातलं, त्यांना भाऊ-भावजयीला भेटायचं होतं. बायकोला धबधबे बघायचे होते. मेहुण्याला चिखल हवा होता. मला काही नको होतं, म्हणून मला पुढे बसवायचं ठरलं.

खरी चढाई इथे सुरू झाली.

तीन दारांच्या थारमध्ये चार माणसं बसतात. मागच्या दोघांना स्वतंत्र दार नाही. डावीकडचं दार उघडायचं, पुढच्या सीटची कळ ओढायची, सीट वाकून नमस्कार करते, आणि तिच्या नि खांबाच्या फटीतून आत शिरायचं. शिरताना डोकं आधी घालावं की पाय, यावर घरात दोन मतं आहेत. सासूबाईंचे गुडघे डॉक्टरांच्या वहीत आहेत. साहजिकच मी म्हणालो, "आई, तुम्ही पुढे बसा."

"छे! जावईबापू मागे आणि मी पुढे? माझ्या माहेरच्या गावात जायचंय. लोक काय म्हणतील?"

मी हात जोडले, बायकोने डोळे वटारले, मेहुण्याने घड्याळ दाखवलं. उपयोग झाला नाही. महाराष्ट्रात जावयाचा मान ही अशी गोष्ट आहे की ती जावयालाही नाकारता येत नाही. सासूबाईंनी गोल पाचवारीचा पदर खोचला, एक पाय पायरीवर ठेवला, दरवाजाची चौकट धरली आणि "गजानन महाराज!" म्हणत उचल खाल्ली. मेहुणा बाजूला उभा राहून "आई, उजवा पाय, उजवा!" अशा सूचना देत होता. नाकाचा कोन पंचेचाळीसच्या खाली नसावा. मधेच पोटाखालचा कोन आडवा आला आणि सगळं थांबलं. बायकोने आतून हात दिला, मी बाहेरून नुसता आदर दिला, आणि सासूबाई आत पोचल्या. इंजिन अजून सुरूही झालं नव्हतं.

डिकीची स्थिती अशी की मागची सीट उभी असली तर तिथे एक छत्री आणि थोडा विश्वास मावतो. त्यामुळे भाकऱ्या, पिठलं, ठेचा आणि झाकण सैल असलेली ताकाची बरणी बायकोच्या मांडीवर.

घोटीपर्यंत हायवे. घोटीहून आत वळलो आणि मेहुण्याच्या अंगात वारं आलं. आता रस्ता खराब लागणार, या आशेने तो ताठ बसला. बारीपाशी कळसूबाईचा माथा ढगात होता. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. सासूबाईंनी न उघडणाऱ्या मागच्या काचेतूनच हात जोडले. दोन्ही बाजूंना आवणी चालू होती. इरली कमी झालीत, प्लॅस्टिकचे कागद वाढलेत, पण बायकांच्या वाकलेल्या रांगा तशाच. सासूबाई शेतांकडे बघून बोलत होत्या, "हा जिरवेल भात असणार. ह्याने रोपं फार दाट लावलीत. ह्या बाईला सवय नाही, बोटं बघ तिची." त्या शेतांमधली कितीतरी रोपं त्यांनी धावत्या गाडीतून तपासली. मेहुण्याने तेवढ्या वेळात एक खड्डा पाहिला, त्याच्यासाठी खास वळला, आणि तो बुजवलेला निघाला.

शेंडी आली. पलीकडे विल्सन धरण, १९२६ साली पुरं झालेलं, आणि दगडी भिंतीपाशी उतरणारा तो छत्रीसारखा धबधबा. लोक भजी खात फोटो काढत होते. मेहुण्याला भजीत रस नव्हता. त्याने टपरीवाल्याला विचारलं, "दादा, पुढं घाटघरकडचा रस्ता कसाय?"

"एक नंबर झालाय साहेब. काय काळजीच करू नका."

मेहुण्याचा चेहरा पडला. एखाद्याला लॉटरी लागली नाही तर तो जसा 'असू दे' म्हणतो, तसा तो "असू दे" म्हणाला. पांजऱ्याला विचारलं. रस्ता चांगला. उडदावण्याला एका म्हाताऱ्याने तर काठी वर करून कौतुक केलं, "आता गाडीला काय तरास नाय." जिथे विचारावं तिथे रस्ता चांगला! आयुष्यभर आपण खड्ड्यांच्या नावाने बोटं मोडली आणि ज्या दिवशी ते हवे होते त्याच दिवशी शासनाने ही वेळ आणली.

शेवटी साम्रदच्या पुढे, रतनवाडीच्या बाजूला, एक ओढा प्रसन्न झाला. रस्त्यावरून आडवा, लालसर, आवाज करत. मेहुण्याने गाडी थांबवली आणि देवघरात शिरावं तसा खाली उतरला. पुस्तकात लिहिलंय की पाण्यात गाडी घालण्याआधी चालत जाऊन खोली पाहावी. तो बुटाच्या टोकाने पाणी चाचपू लागला. तोवर सासूबाई मागून उतरल्या. उतरता कोन ३६ च्या आसपास, पण वेग उत्तम. चपला हातात, साडी वर, सरळ ओढ्यात.

"इथं मधी गुडघ्याखाली आहे. डावीकडं जाऊ नको, तिकडं पाणी शांत आहे म्हणजे खोल आहे. ते बघ गुरांचे खूर. गुरं जातात तिथनं घाल."

एवढं म्हणून त्या पलीकडे जाऊन उभ्याही राहिल्या. साडेसहाशे मिलिमीटरचा हिशोब पातळाच्या काठावर संपला होता.

मेहुण्याने छोटी दांडी हातात घेतली. मोठा गिअर सगळ्यांना असतो, ही धाकटी दांडी फोर बाय फोरवाल्यांचं वैभव. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, दांडी फोर लोमध्ये टाकली की वेग कमी होतो, ओढ वाढते आणि चारही चाकं कामाला लागतात. घेतल्यापासून पहिल्यांदाच ती हलत होती. मेहुण्याने आधी तिला हात लावून नमस्कार केला. मी समोरची मूठ धरली. ही मूठ डॅशबोर्डवर खास पुढच्या माणसासाठी दिलेली आहे आणि जावयाच्या मानाचा तोच काय तो उपयोग.

मधोमध गेल्यावर मागचं एक चाक गुळगुळीत धोंड्यावर चढलं आणि हवेत फिरू लागलं. इथे त्या यंत्राचं खरं कौतुक आहे. साध्या गाडीतला डिफरन्शियल सहकारी सोसायटीच्या चेअरमनसारखा वागतो: ज्या सभासदाच्या पायाखाली काही नाही, जो नुसता जागच्या जागी गरगरतो, त्याचीच चलती, जमिनीवर उभा आहे तो बसला हात चोळत. मेहुण्याच्या गाडीत मागच्या चाकांना लॉक होणारा डिफरन्शियल आहे. एक चाक फार गरगरायला लागलं की तो दोघांना एकत्र बांधतो आणि जमिनीवरच्या चाकाला त्याचा वाटा मिळतो. खाली 'खट्' असं काहीतरी झालं, गाडीने खांदा उडवला आणि आम्ही पलीकडे. सगळं मिळून एवढा वेळ, की मेहुण्याला ओरडायलाही पुरला नाही.

"ताई, घेतलंस ना शूट?"

"कशाने घेऊ? दोन्ही हातांनी बरणी धरलीये."

म्हणून परत जाणं आलं. परत जाऊन पुन्हा येणं आलं. सासूबाईंनी बसायला नकार दिला. "तुमचं चालू द्या, मी इथं टाकळा खुडते." दुसऱ्या खेपेला फोनमध्ये जागा नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेला बायकोने बरणी सोडून फोन धरला, गाडीने तोच खांदा उडवला, आणि ताकाने त्या क्षणी झाकणाशी संबंध तोडले.

मेहुणा क्षणभर गंभीर झाला आणि मग त्याचा चेहरा उजळला. "दाजी! फ्लोअर धुता येतो!" कंपनीने तळाला पाणी जायला बुचं दिली आहेत, हे त्याने मला पार्किंगमध्ये दाखवलं होतंच. आता तो गुडघ्यांवर बसला, पायपुसणी काढली, बूच काढलं, आणि सासूबाईंनी ओढ्यातून बादली भरून दिली. पांढरं पाणी खालून निघालं. १५० अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल इंजिन, चारही चाकांची ओढ, सगळे कोन, हे सगळं वापरून झालं होतं, पण मेहुण्याच्या तोंडावर जे समाधान त्या बुचाने आणलं ते कशानेच आणलं नव्हतं. "बघ ताई, एक थेंब राहिला नाही!" सासूबाईंनी वास घेऊन सांगितलं की कढीपत्ता राहिलाय.

रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेतलं. नंतर मामांकडे गेलो. मामींनी चहा केला, पिठल्याला पुरणाची जोड दिली, आणि निघताना आदिवासी वाडीवरून आलेलं तांदळाचं पोतं उचलून आणलं. ते डिकीत मावलं नाही. मागच्या सीटवर ठेवायचं तर फटीतून जाईना, मेहुण्याने सगळे कोन लावून पाहिले. मग मामा म्हणाले, "पुढं ठेवा की." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, आणि जिरवेलीचा वास घेतला.

मी डोकं आधी घालून आत गेलो. सासूबाई आमच्या दोघांपाठोपाठ कशा बसल्या हे सांगत नाही. चार सीटांच्या गाडीत मागे तिघं बसल्याचं लिहून ठेवणं बरं नाही. पोतं पुढे बसताच गाडीने पट्टा लावा म्हणून ओरड सुरू केली, तेव्हा मेहुण्याने त्याला पट्टा बांधला आणि मूठ त्याच्यासमोर आली.

शेंडीपर्यंत गाडी चालेना. इंजिन ओरडत होतं, काटा वर जात होता आणि वेग बैलगाडीचा. मेहुणा म्हणाला, "लोड झालाय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धरणाच्या वळणावर खच्चून भरलेली एक काळी-पिवळी जीप आमच्या बाजूला आली, ड्रायव्हरने कोपर बाहेर काढलं, आमच्या चाकांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाला,

"दादा, ती धाकटी दांडी तेवढी काढा. नायतर नाशिकला पोचेस्तोवर पोत्यातला भात उगवंल."